छातीवरचा कॅमेरा, कोर्टातलं प्रमाणपत्र

इंदूरच्या चौकांत वाहतूक पोलिसांच्या छातीवर कॅमेरे दिसतात, पण फौजदारी खटल्यात त्यांचं चित्रण आपोआप पुरावा ठरत नाही. जिल्हा न्यायालयात बचावाचा वकील आधी चित्रणाच्या प्रतीसोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रावरच बोट ठेवतो.

ही अट २००० साली आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातलं गेलं, तेही १९६८च्या ब्रिटिश दिवाणी पुरावा कायद्यावर बेतून. ब्रिटनने ती तरतूद १९९५मध्येच मोडीत काढली होती! मूळ यंत्राऐवजी प्रत दाखवायची, तर ती कशी तयार झाली हे यंत्राची जबाबदारी असलेल्याने लिहून द्यायचं; तेच हे प्रमाणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये ही अट सैल केली, २०१४मध्ये आवळली, २०१८मध्ये यंत्र ताब्यात नसलेल्यांना सूट दिली. २०२०मध्ये तीन न्यायाधीशांनी ती सूटही काढून घेतली. तो वाद होता जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा. उमेदवारी अर्ज वेळेत आला का, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रणात होतं. अधिकारी मात्र मागूनही प्रमाणपत्र देईनात. ठरलं ते असं: प्रतीला प्रमाणपत्र हवंच, मूळ यंत्र घेऊन मालक स्वतः साक्षीला आला तर नको, आणि कुणी अडवून धरलं तर कोर्टाने मागवावं.

पोलिसांची गोची इथेच होते. कॅमेऱ्यातलं चित्रण संगणकावर उतरवलं की कोर्टात येते ती प्रत. मग सही कुणाची, हवालदाराची की संगणक सांभाळणाऱ्याची? पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने त्यात तज्ज्ञाची सही आणि हॅश व्हॅल्यूची (फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) भर घातली. त्याच दिवसापासून झडती-जप्तीचं चित्रण सक्तीचं झालं, पण ते सांगणारी नागरिक सुरक्षा संहिता म्हणते ‘शक्यतो मोबाइलवर’.

पंच उलटले की जप्ती डळमळायची, तिथे चित्रणाचा खरा आधार आहे. कबुलीचं तसं नाही. कॅमेऱ्यासमोर आरोपी ‘मीच मारलं’ म्हणाला, तरी पोलिसांपुढच्या कबुलीवरची १८७२च्या पुरावा कायद्यातली बंदी नव्या कायद्यातही कायम आहे.

खटल्यात वापरलेल्या चित्रणाची प्रत आरोपीला साधारणपणे मिळायला हवी, हे २०१९मध्ये स्पष्ट झालं. पोलिसांनी न वापरलेल्याचं काय? ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश डिसेंबर २०२०चा आहे, पण तो ठाणी आणि तपास यंत्रणांच्या कार्यालयांपुरता. छातीवरच्या कॅमेऱ्यातलं हवं असेल, तर ते पुसलं जाण्याआधी बचावालाच कोर्टात अर्ज करावा लागतो.