‘डी’मध्ये ठेवलंय! घरच्या बॅकअपची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 10चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्याआधी काही महिने घरच्या संगणकांवर एक निवड समोर येऊ लागली होती. आणखी वर्षभर, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026पर्यंत, सुरक्षा अपडेट हवे असतील तर 30 डॉलर भरा, किंवा कंपनीच्या बक्षीस-योजनेतले 1000 पॉइंट खर्च करा, किंवा ‘बॅकअप’ चालू करा आणि फुकट घ्या. युरोपातल्या ग्राहकांसाठी बॅकअपची ही अट पुढे काढून टाकण्यात आली. आपल्याकडे ती राहिली.

आता फुकटचं बटण सोडून दुसरं कोण दाबणार? पण त्या बटणानं राखून ठेवल्या जातात त्या मुख्यतः सेटिंग. भिंतीवरचं चित्र, वायफायचे पासवर्ड, कुठकुठली ॲप होती त्यांची यादी. मुलीच्या बारशाचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब हा वेगळा विषय, त्याचं बटण शेजारी. तरीही शब्द तोच, बॅकअप. या शब्दाखाली आपल्याकडे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या वस्तू खपल्या आहेत, आणि आजचा गोंधळ त्या इतिहासाशिवाय नीट कळत नाही.

अगदी सुरुवातीचं फार सांगण्यासारखं नाही. 1983मध्ये 10 एमबीच्या हार्ड डिस्कसह पीसी आला आणि त्याच वर्षीच्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजआधीच्या प्रणालीत, बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन आज्ञा मिळाल्या. 1993च्या डॉस 6मध्ये त्यांच्या जागी नवं साधन आलं. जुन्या पद्धतीनं केलेल्या प्रती त्याला वाचता येत नव्हत्या, म्हणून रिस्टोअरची जुनी आज्ञा तेवढी शिल्लक ठेवावी लागली. बॅकअप घेणारं साधन बदललं की आधीचे बॅकअप अनाथ होतात, ही परंपरा इतकी जुनी आहे. पण हे सगळं ऑफिसांपुरतं. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात संगणक शिरला तो नव्वदीच्या उत्तरार्धात, बहुधा असेंबल केलेला. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

त्या डब्यात 2 ते 6 जीबीची डिस्क असायची आणि बाहेर काही न्यायचं तर 1.44 एमबीची फ्लॉपी. 2.1 जीबीची डिस्क भरलेली असेल तर तिच्या प्रतीसाठी दीड हजाराच्या आसपास फ्लॉप्या लागल्या असत्या. म्हणजे खरा बॅकअप घरगुती माणसाच्या आवाक्यातच नव्हता. मग आवाक्यात काय होतं? डी ड्राइव्ह.

या ‘डी’चा जन्म नाइलाजातून झाला. डिस्कवर फाइली मांडण्याच्या तेव्हाच्या फॅट16 पद्धतीत एका ड्राइव्हला 2 जीबीपेक्षा जास्त जागा देता येत नसे. 3.2 जीबीची डिस्क आणली की तिचे सी आणि डी असे दोन तुकडे करावेच लागत, 6.4 जीबीचे तीन. विंडोज 98पर्यंत तिची पुढची आवृत्ती, फॅट32, रुळली आणि ही सक्ती संपली. तुकडे करण्याची सवय मात्र संपली नाही, कारण तोवर तिला दुसरं काम मिळालं होतं. विंडोज दर सहा-आठ महिन्यांनी कोलमडायचं. मग कॉम्प्युटरवाला मुलगा यायचा, ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणायचा, आणि जाताना बजावून जायचा, “काका, डेस्कटॉपवर काही ठेवत जाऊ नका. डीमध्ये टाका. सी उडतो, डी राहतो.”

सल्ला चुकीचा नव्हता. विंडोज पुन्हा टाकताना डी खरोखरच राहायचा. फक्त सी आणि डी ही एकाच फिरत्या चकत्यांच्या संचाची दोन नावं आहेत, एका खोलीत पडदा लावून केलेल्या दोन खोल्यांसारखी. चकतीच अडकली तर पडद्यामागचंही गेलं. 26 एप्रिल 1999ला सीआयएच, म्हणजे चेर्नोबिल नावानं गाजलेला व्हायरस, जागा झाला तेव्हा हे दिसलं. त्यानं डिस्कचा सुरुवातीचा सुमारे 1 एमबी भाग पुसला. सी आणि डीची वाटणी नोंदलेली असते ती त्याच भागात. दोन्ही ड्राइव्ह एकदम गायब. पण जाणकाराच्या हाती डिस्क पडली तर डीमधलं बरंचसं परत काढता येत होतं, त्यामुळे डीवरची श्रद्धा काही ढळली नाही. ‘बॅकअप आहे का?’ या प्रश्नाला ‘हो, डीमध्ये आहे’ हे उत्तर मी कालपरवापर्यंत ऐकलंय.

‘बॅकअप’चा दुसरा अर्थ विजेचा. हा गुंता फक्त आपल्याकडचा नसेल, पण महाराष्ट्रात तो फार घट्ट बसला. 2005नंतरची काही वर्षं लोडशेडिंगची. ग्रामीण भागात दहा-दहा, बारा-बारा तास, शहरांतही वेळापत्रक लावून. मुंबईकर बहुतांशी सुटले, म्हणून हा परिच्छेद त्यांना परका वाटेल. बाकीच्यांकडे संगणकाखाली यूपीएसचा ठोकळा आला, मग घराला इन्व्हर्टर आला, आणि दुकानात पहिला प्रश्न ठरला, ‘बॅकअप किती देतो?’ उत्तर मिनिटांत किंवा तासांत. जुन्या काचेच्या मॉनिटरसह साधा यूपीएस पंधरा-वीस मिनिटं ओढायचा. गावाकडच्या डीटीपीवाल्याला ‘बॅकअप आहे का’ विचारलं की तो आजही आधी बॅटरीकडे बघतो.

यात विनोदापलीकडे एक तथ्य आहे. त्या काळी घरच्या फाइलींचा मोठा शत्रू वीजच होती. लिहिता लिहिता लाइट गेले की विंडोज 98 पुढच्या वेळी डिस्क तपासणाऱ्या स्कॅनडिस्कचा पडदा दाखवायचं आणि सापडलेले तुकडे सीएचके नावाच्या निरुपयोगी फाइलींत गोळा करून ठेवायचं. यूपीएसनं हा धोका खरोखर कमी केला. म्हणजे डी काय, यूपीएस काय, दोघंही एकेका संकटावरचा उतारा होते. दुसरी प्रत मात्र दोघांतही नव्हती.

ती पहिल्यांदा घरात आली सीडी रायटरबरोबर. 650-700 एमबी, वीस-पंचवीस रुपयांच्या आत. 2001च्या विंडोज एक्सपीबरोबर बॅकअपचं साधन मिळत होतं, पण होम आवृत्तीत ते आपोआप बसत नसे, सीडीतल्या आडबाजूच्या फोल्डरमधून काढावं लागे. प्रोफेशनलमध्ये ते बसवलेलंच असे. (आपल्याकडे बहुतेकांकडे प्रोफेशनलच होतं. का, ते सांगायला नको.) पण सीडीवर थेट लिहिणं त्या साधनाला जमत नव्हतं, आणि घरात बाहेरचं माध्यम म्हणाल तर सीडी एवढंच. लोकांनी सरळ फाइली ओढून सीड्या बर्न केल्या. ज्या थोड्यांनी ते साधन वापरून बीकेएफ फाइल बनवल्या, त्यांना पुढच्या व्हिस्टात कळलं की नव्या विंडोजला त्या उघडता येत नाहीत. त्यासाठी वेगळी सोय डाउनलोड करावी लागली.

सीड्यांचं पुढे काय झालं? काही कपाटात आहेत, वाचता येत नाहीत. बर्न केलेल्या सीडीत चकाकणारा थर लेबलच्या बाजूला, अगदी वरच्या वार्निशाखाली असतो. खालून ओरखडा चालतो, वरून नाही. आपण नेमके वरून कागदी स्टिकर चिकटवले. आणि 26 जुलै 2005चा पाऊस, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, तळमजल्यावरच्या घरांना दुसरा धडा देऊन गेला. संगणक आणि सीड्यांचा डबा एकाच टेबलावर असेल तर पाणी दोघांपर्यंत एकाच वेळी पोचतं. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक घराबाहेर, हा 3-2-1चा नियम एका अमेरिकी छायाचित्रकारानं साधारण त्याच सुमारास मांडला. आपल्याकडे तो पोचायला बरीच वर्षं गेली.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या सीड्यांची आणखी एक तऱ्हा. फाइल शाबूत, सीडी शाबूत, पण उघडल्यावर इंग्रजी चिन्हांची रांगोळी. युनिकोड ही अक्षरांची सामायिक पद्धत रुळण्याआधी प्रत्येक लिपी-सॉफ्टवेअरचा फॉन्ट आपापल्या जागी अक्षरं बसवायचा. मजकूर जपला, फॉन्ट जपला नाही, तर जपलं काय? दिवाळी अंक, शाळांची स्मरणिका, कुणाचा पीएचडीचा प्रबंध असे पडून आहेत.

पेन ड्राइव्ह आणि खिशातल्या हार्ड डिस्कचा काळ भरभर सांगतो. पेन ड्राइव्हनं प्रत नेली तशी ‘न्यू फोल्डर’ नावाची फोल्डरचा वेष घेतलेली प्रोग्राम फाइलही घरोघर नेली. बाहेरची डिस्क खरं तर घरच्या बॅकअपसाठी आजवरचं सर्वांत सरळ साधन. 2011च्या अखेरीस थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले आणि तिच्या किमती एकदम चढल्या. पण ती कायम जोडून ठेवायची सवय अंगाशी आली ती खंडणीच्या व्हायरसांमुळे. 2013पासून पसरलेले हे प्रकार जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतात, विंडोजनं आत राखलेल्या जुन्या प्रतीही आधी पुसून टाकतात. आपल्या घरांत ते मुख्यतः फुकट मिळवलेल्या ‘क्रॅक’बरोबर, म्हणजे कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, आले.

आता वादाच्या मुद्द्याकडे. विंडोजमध्ये वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन ठेवण्याची सेवा, आल्यावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर क्लाउडशी जोडण्याची सोय मिळाली. तिला नाव दिलं ‘बॅकअप’. प्रत्यक्षात ती करते ते सिंक. फोल्डर मूळ जागेवरून हलून वनड्राइव्हच्या फोल्डरात जातात आणि इथे जे घडतं ते तिथे घडतं. लॅपटॉप चोरीला गेला, डिस्क मेली, तर फाइली वाचतात. ही लहान गोष्ट नाही, आणि कंपनीच्या बाजूचा हाच खरा युक्तिवाद आहे. घरचा माणूस स्वतः होऊन कधीच काही करत नाही, मग त्याच्या वतीनं आपणच केलेलं बरं.

पण नातवानं एखादा फोल्डर डिलीट केला तर तो तिकडूनही जातो. कचरापेटीत 30 दिवस राहतो, मग संपला. बॅकअपमधली फाइल मूळ फाइल मेल्यावर जगायला हवी. ही तशी जगत नाही, तिला महिन्याची मुदत असते. दुसरं, फुकटची जागा. 2016मध्ये ती 15 जीबीवरून 5 जीबीवर आणली गेली. एका लग्नाच्या फोटोंत ती भरते, आणि मग पैसे भरा ही सूचना ‘तुमचा बॅकअप थांबला आहे’ अशा भाषेत येते. घाबरवणारी ही भाषा निव्वळ काळजीपोटी येते, असं मला वाटत नाही.

सर्वांत मोठा त्रास बंद करताना. अनेक वर्षं हा ‘बॅकअप’ थांबवला की डेस्कटॉप रिकामा दिसायचा. फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असत आणि रिकाम्या डेस्कटॉपवर ‘माझ्या फाइली कुठे आहेत’ अशा अर्थाचा एक शॉर्टकट. जगातला दुसरा कुठला बॅकअप बंद केल्यावर मूळ वस्तू जागेवरून नाहीशी होते? 2024मध्ये तर विंडोज 11 नव्यानं बसवताना हा ‘बॅकअप’ न विचारताच चालू होत असल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि बरीच ओरड झाली. वर सांगितलेली फुकट अपडेटची अट आली ती यानंतर वर्षभरात. सेटिंगपुरती का होईना, पण त्याच नावानं, त्याच खात्यात, त्याच 5 जीबीच्या दाराशी.

विंडोज 11च्या त्याच 2024 सालच्या आवृत्तीत, 24एच2मध्ये, आणखी एक बदल झाला. त्याची चर्चा कमी झाली, पण आपल्या जुन्या श्रद्धेला तो जास्त लागतो. नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये कंपनीच्या खात्यानं लॉगइन केलं की होम आवृत्तीतही डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, होऊ लागली. चोरासाठी उत्तम. किल्ली 48 आकड्यांची आणि ती त्या ऑनलाइन खात्यात ठेवलेली. खातं बहुधा दुकानदारानं विकताना उघडून दिलेलं, पासवर्ड त्याच्या वहीत. त्यात एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या डिस्कवर, एकदा डिलीट झालेलं परत काढणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात डिस्क देऊन ‘बघा काही निघतंय का’ म्हणण्याची सोयही आटली.

मदरबोर्ड बदलला की हा लॅपटॉप किल्ली मागतो. निळा पडदा, 48 आकड्यांची रिकामी चौकट. सीही त्यामागे आणि डीही त्यामागेच. काउंटरपलीकडचा मुलगा विचारतो, “काका, बॅकअप आहे ना?” आणि काका निर्धास्तपणे सांगतात, “आहे की. सगळं डीमध्ये ठेवलंय.”