‘रिकामा हा प्लॉट’ : एका रॉक गाण्यामागची गोष्ट

‘रिकामा हा प्लॉट’ मी अकरावीत असताना लिहिलं, १९९७ साली, नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात. आता त्याचं नीट रेकॉर्डिंग होतंय. ऐकणारे लगेच म्हणतात, इंग्रजी बँड ऐकून केलेलं दिसतंय. गिटारपुरतं ते खरं आहे. गाण्याचा पाया मात्र माथाडींच्या, म्हणजे बाजारात ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या, वस्तीतला आहे, आणि ते सांगायलाच हवं.

ऐंशीच्या दशकापासून मुंबईचा घाऊक बाजार मशीद बंदर भागातून टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, आला. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला होता. त्या कायद्याखालचे कामगार बाजारापाठोपाठ खाडीच्या या बाजूला राहायला आले. बरेचसे सातारा-सांगलीकडचे. बिऱ्हाडाबरोबर त्यांनी भजनी मंडळंही आणली. एकादशीच्या रात्री आमच्या गल्लीत टाळ-पखवाज उशिरापर्यंत चालायचा.

रॉक आलं केबलवरून. १९९१ ला स्टार टीव्ही सुरू झाला आणि त्याबरोबर एमटीव्ही. प्रत्यक्ष ऐकायचं तर धोबी तलावचं रंगभवन. तिथे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव भरायचा. ठाणे-वाशी लोकल २००४ ला आली, त्यामुळे आम्ही बसने वाशी गाठायचो आणि तिथून हार्बरने व्हीटी. स्टेजवर गाणी बहुतेक इंग्रजीच. मला मराठीतच लिहायचं होतं, कारण माझा राग मराठीत होता. सिडकोने आखलेल्या सेक्टरांत घरं होती, रस्ते होते, पण सोळा वर्षांच्या पोरांना बसायला जागा म्हणजे कुंपण घातलेला रिकामा प्लॉट.

आमच्याकडे ड्रमकिट नव्हता. पखवाज होता. वाजवणारा मित्र माथाडी कामगाराचा मुलगा, लहानपणापासून मंडळात बसलेला. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडावरच्या कातड्याला, तो नेहमीपेक्षा जास्त कणीक लावायचा, म्हणजे खर्ज जाड व्हायचा आणि बास ड्रमची जागा भरून निघायची. उजव्या पुडीवरची कडक थाप ड्रमकिटमधल्या स्नेअरचं काम करायची. गिटार साधी, लाकडी. तिच्या पोटाला चिकटवलेला माईक टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरला, जोडला की आवाज फाटायचा, आणि आम्हाला तोच हवा होता. फाटलेल्या आवाजात पूर्ण कॉर्ड वाजवली की स्वर एकमेकांत कालवतात. म्हणून फक्त षड्ज आणि पंचम, म्हणजे सा आणि प, दाबायचे. रॉकमधल्या पॉवर कॉर्डची रचना हीच. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारावरून ठरतं; तो नसल्यामुळे ती धड मेजर नसते, धड मायनरही नसते. तानपुऱ्याच्या सा-पवर वाढलेल्या कानांना ती परकी वाटलीच नाही.

ध्रुवपद असं आहे:

रिकामा हा प्लॉट । आमचंच गाव ।
भिंतीवर नाव । लिहितो मी ॥

अक्षरं मोजा : सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. हा मोठ्या अभंगाचा साचा आहे, ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’चा. मी ठरवून केलं नव्हतं; कानात तेच होतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, रॉकच्या चार ठोक्यांचे अर्धे केले की तेही आठ. ओळ ठेक्यावर आपसूक बसली. तुकोबांचं हे ऋण मी मोठ्या अभिमानाने सांगतो. मराठी रॉकला शब्द सापडत नाहीत अशी तक्रार ऐकली की मला तेव्हाची ती अभंगाची वही आठवते.

तालीम ऐकून मित्राचे वडील म्हणाले होते, “ठेक्याला पक्कं हाय की रं हे.” गणपतीत वाजवलं तेव्हा मंडळातल्या दोघांनी मागून टाळ धरला. मूळ कॅसेटवर तो टाळ नाही. नव्या रेकॉर्डिंगमध्ये तो पहिल्या ओळीपासून घेतला आहे, आणि पखवाजावर तोच मित्र आहे.