नवतप्यात सोलर का थकतं?

मे महिन्यातली दुपारची वेळ, पारा 44 वर. शेजारचे भाऊ मोबाइल पुढे करून दारात उभे. फेब्रुवारीत त्यांनी गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. सरकारची 78 हजारांची सबसिडीही खात्यात आली. आता ॲप दाखवत होतं 2.1 किलोवॅट. "सर, इतलं ऊन पडी ऱ्हायनं, मंग युनिट काबरं कमी? मार्चमा तं यान्हा जास्त व्हतात!"

मागे त्यांची लेक. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय भौतिकशास्त्र. तिचा प्रश्न महिनाभर माझ्याकडे पडून होता: पुढे हवामान शिकू की ऊर्जा? मी म्हटलं, आधी वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर शोधू. मग दोन्ही विषय मुळात वेगळे आहेत का, ते तूच ठरव.

सोलर पॅनेल उष्णतेवर चालत नाही, उजेडावर चालतं. गच्चीवरचा सोलर बंब आणि सोलर पॅनेल यांची आपण गल्लत करतो. बंबाला ऊब हवी. पॅनेलला उजेड हवा आणि अंग थंड हवं. खान्देशात एक मिळालं की दुसरं मिळत नाही, ही खरी अडचण.

पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या घटात, म्हणजे सेलमध्ये, प्रकाशकण आपटला की एक इलेक्ट्रॉन बंधनातून सुटतो. घटाच्या आत दोन थरांच्या सांध्यावर एक विद्युत बांध असतो. सुटलेले इलेक्ट्रॉन त्याच्या एका बाजूला साठतात. आता पांझरा नदीवरचे फड पद्धतीचे, म्हणजे सामूहिक सिंचनाचे जुने बंधारे डोळ्यांसमोर आणा. वरून पाणी ठरावीक वेगानं येतंय, म्हणजे ऊन. बंधाऱ्यामागे पाणी चढतं, ती उंची म्हणजे व्होल्टेज. पण भिंत थोडी झिरपते. पाणी जितकं चढेल तितकी गळती वाढते आणि आवक व गळती समान झाली की पातळी तिथेच थांबते. सांडवा उघडला नसताना पाणी जितकं चढेल, तितकंच त्या घटाचं जास्तीत जास्त व्होल्टेज.

उष्णता या भिंतीला पोखरते. सिलिकॉनचे अणू जोरात थरथरू लागतात आणि उजेड नसतानाही आपोआप सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या दर दहा-एक अंशांना जवळपास दुप्पट होते. गळतीचा प्रवाह तर या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थोडं गणित सहन करा: व्होल्टेज हे उजेडाचा प्रवाह भागिले गळतीचा प्रवाह या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर अवलंबून असतं. छेद शेकडो पटींनी फुगला तरी लॉगरिदममुळे फटका मर्यादित राहतो, नाहीतर मे महिन्यात जळगावात सोलर बंदच पडलं असतं! प्रत्यक्षात एका घटामागे दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्ट जातात. 60 घटांच्या पॅनेलला 120 मिलिव्होल्ट. प्रवाह उष्णतेनं किंचित वाढतो, पण तो अगदीच नगण्य.

पॅनेलवर छापलेले वॅट हे घटाचं तापमान 25 अंश धरून मोजलेले असतात. उन्हात घट हवेपेक्षा 25 ते 30 अंशांनी जास्त तापतो. आमच्या हिशेबानं पॅनेल 73 अंशांवर असायला हवं होतं. लेकीनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून इन्फ्रारेड तापमापी आणली आणि पॅनेलच्या पाठीवर धरली: 71. म्हणजे प्रमाण तापमानाहून 46 अंश वर. आजच्या पॅनेलांची शक्ती अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. 0.35 धरलं तर 16 टक्के गेले.

दुसरी चोरी कोनाची. जळगावचा अक्षांश 21 अंश, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे सुमारे 20 अंश कललेलं. मार्चच्या विषुवदिनी दुपारचा सूर्य त्याच्या बरोबर समोर असतो. मेच्या अखेरच्या आठवड्यात तो आपल्या थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते आणि कललेल्या पॅनेलवर किरण तिरपे पडतात. आणखी 6 टक्के वजा.

याच दिवसांत नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे नऊ दिवस, येतो आणि "या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो" हा मेसेज गावभर फिरतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपण शेकोटीभोवती बसलेलो असतो तेव्हा! सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला. नवतप्यात ती दूर जाण्याच्याच वाटेवर असते. ऊन तापतं ते सूर्य डोक्यावर आल्यानं, दिवस मोठा झाल्यानं आणि जमीन कोरडी पडल्यानं. रोहिणी नक्षत्राचा यात काही हात नाही.

उष्णतेनं वीज घटण्याचा हा नियम गच्चीपुरता नाही. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरच्या 125 मेगावॅटच्या सोलर प्रकल्पाला अंशामागे 0.35 टक्क्यांचा हाच दर लावला, तर पूर्ण भरात असताना पॅनेल एक अंशानं तापलं की सुमारे 0.44 मेगावॅट गेले. भुसावळजवळच्या दीपनगरचं कोळशावरचं औष्णिक केंद्रही सुटत नाही: थंड करायचं पाणीच कोमट असलं की वाफ नीट निवत नाही आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी निघते. आणि नेमके तेव्हाच घरोघर कूलर फिरत असतात. साक्रीकडच्या पवनचक्क्या मात्र पावसाळी वाऱ्यात जोर धरतात, ऊन ढगाआड जातं तेव्हा. ही सांगड कोणी घालायची? वाऱ्याचा अभ्यास केलेल्यानं की ग्रिडचा, म्हणजे विजेच्या जाळ्याचा?

लेकीला मी पर्याय सांगितले. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाची प्रशाळा आहे. पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञान विभाग आहे. आयआयटी मुंबईत ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकी शिकवतात आणि हवामान अभ्यासाचा वेगळा कार्यक्रमही चालतो. दार कुठलंही निवड, पण गणित सोडू नकोस आणि "ग्रीन" नावाच्या चकचकीत कोर्सची फी भरण्याआधी त्यात उष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) आहे का ते बघ.

ती ऐकत होती की नाही, देव जाणे. वहीत आकडे मांडणं चालू होतं: तीन किलोवॅटमधून 16 टक्के वजा, मग 6 टक्के, मग इन्व्हर्टरचं थोडं. उरले 2.3. ॲपवर 2.1.

"सर, 200 वॅट कुठे गेले?"

मी गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवून दाखवलं. बोटाला मातकट धूळ. भाऊंनी लगेच बादली उचलली. लेकीनं त्यांना थांबवलं: तापल्या काचेवर गार पाणी नको, उद्या पहाटे धुऊ.