बोर्ड लावला म्हणजे कानबान होत नाही

प्रोजेक्ट अडखळला की मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास म्हणतं, "स्क्रम आपल्याला जमत नाहीये, कानबान करू." दोन्ही सॉफ्टवेअर टीमचं काम आखायच्या पद्धती. मग स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) बंद, एस्टिमेट (कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज) बंद, जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा बोर्ड: टू डू, इन प्रोग्रेस, डन. झालं कानबान! छे. स्क्रममधली शिस्त काढून टाकल्यावर जे उरतं, ते आहे हे.

स्क्रम तुम्ही रोज करता, त्यामुळे उजळणी नको. महिन्याभराचा किंवा त्याहून लहान स्प्रिंट, कोणतं काम आधी ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, झालेलं काम दाखवायचा रिव्ह्यू, आपण काम कसं केलं ते तपासायचा रेट्रो. कानबानमध्ये ठरलेल्या भूमिका नाहीत, स्प्रिंटही लागत नाही. कार्डं (एका कामाचं एक) दोन्हीकडे, स्टँडअप (रोजची छोटी बैठक) दोन्हीकडे चालतो. या फरकांवर वाद घालणाऱ्यांना घालू द्या.

खरा प्रश्न हा, की हातात घ्यायच्या कामाला लगाम कशाचा? स्क्रममध्ये वेळेचा: स्प्रिंटमध्ये मावेल तेवढंच घ्या. कानबानमध्ये थेट संख्येचा. बोर्डावरच्या प्रत्येक रकान्यावर आकडा असतो: एका वेळी तिथे जास्तीत जास्त किती कार्डं. टेस्टिंगवर ३ लिहिलंय आणि तिथे ३ कार्डं आहेत, तर डेव्हलपरने चौथं तिकडे ढकलायचं नाही. त्याचा स्वतःचा रकानाही भरलेला असेल तर नवं कामही उचलायचं नाही. मग करायचं काय? टेस्टिंगला हात लावायचा, अडकलेला बिल्ड (कोडपासून बनणारी चालती प्रत) सोडवायचा, नाहीतर चक्क बसायचं. मॅनेजरला नेमकं हेच बघवत नाही. "माणूस रिकामा बसलाय" म्हणत तो ३ चे ६ करतो आणि कानबान तिथेच संपतं. ती मर्यादा टोचायलाच हवी. टोचते तिथेच प्रोजेक्टचं दुखणं असतं.

यामागे लिटलचा नियम आहे: एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातली कामं भागिले कामं पूर्ण होण्याचा वेग. हातात २० कामं आणि आठवड्याला ५ पूर्ण होत असतील, तर एक काम बाहेर पडायला सरासरी ४ आठवडे लागतात. वेग तोच ठेवून हातातली कामं १० वर आणली तर २. डेडलाइन हुकायला लागली की आपण नेमकं उलटं करतो: सगळंच सुरू करतो, म्हणजे क्लायंटला "वर्क इन प्रोग्रेस" दाखवता येतं.

२००४-०५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आयटी विभागासाठी देखभालीचं काम करणारी हैदराबादची टीम अशीच रुतली होती. प्रत्येक नव्या मागणीचा अंदाज ४८ तासांत द्यायचा, असा नियम. टीमची सुमारे एक तृतीयांश ताकद त्यातच जायची. सॉफ्टवेअरमध्ये कानबान आणणारे डेव्हिड अँडरसन यांच्या मदतीने एस्टिमेट बंद झाले, हातातल्या कामांना मर्यादा आली. बिझनेसच्या मॅनेजरांना आता अख्ख्या बॅकलॉगचा (रांगेत पडलेल्या कामांचा) क्रम लावत बसायचं नव्हतं. जागा रिकामी झाली की पुढचं काम कोणतं, एवढंच सांगायचं. निर्णय लहान झाला, म्हणून होऊ लागला. पाच महिन्यांच्या आसपास गेलेला लीड टाइम (मागणी आल्यापासून काम पूर्ण होईपर्यंतचा वेळ) वर्षभरात दोनेक आठवड्यांवर उतरला. आणि गंमत म्हणजे भिंतीवर बोर्ड नव्हताच! सगळं साध्या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये.

माझं मत विचाराल तर, सपोर्टचा प्रोजेक्ट असेल, रोज सकाळी नवी तिकिटं (तक्रारी, मागण्या) पडत असतील, तर कानबान. तिथे स्प्रिंट प्लॅनिंग म्हणजे निव्वळ नाटक. नवं प्रॉडक्ट असेल आणि गिऱ्हाइकाला काय हवंय तेच धड माहीत नसेल, तर स्क्रमच. दर रिव्ह्यूला खरं काहीतरी दाखवायची सक्ती तिथे लागते. आणि दोन्ही धड न करता त्याला "स्क्रमबान" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आकडा किती ठेवायचा, हे टीमला विचारा. आज प्रत्येक रकान्यात किती कार्डं आहेत ते मोजा, त्याहून थोडा कमी ठेवा. दोन आठवड्यांत एकदाही कुणी अडलं नाही, तर अजून कमी करा.