जुनं कॅबिनेट, नवा बोर्ड : कुठे जुळतं, कुठे अडतं आणि का

मिरजेतल्या एका पतसंस्थेने कार्यालयाचा माळा रिकामा केला, तेव्हा भंगारात निघालेलं संगणकाचं एक कॅबिनेट, म्हणजे पत्र्याचा डबा, मी घरी आणलं. पिवळट पडलेला दर्शनी भाग, त्यावर दोन आकडी हिरवा डिस्प्ले, टर्बोचं बटण आणि छोट्या गोल किल्लीचं कुलूप. वरचा पत्रा इतका जाड की तो उचलल्यावर आजची कॅबिनेटं पुठ्ठ्याची वाटावीत. आतला बोर्ड केव्हाच गेला होता. या डब्यात आजचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) आणि आजचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारी पेटी) बसवायचा मी निश्चय केला. तेव्हापासून ओळखीच्या दोघातिघांनी आपापल्या घरातली जुनी कॅबिनेटं दाखवून एकच प्रश्न विचारला आहे : यात बसेल का? त्याचं उत्तर कॅबिनेट कुठल्या काळातलं आहे यावर अवलंबून असतं. कुठे नुसती कानस फिरवून भागेल आणि कुठे ग्राइंडर चालवावा लागेल, हे चाळीस वर्षांपूर्वीच्या काही निर्णयांनी ठरवून ठेवलेलं आहे.

आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या एका लहान गटाने तो घाईने तयार केला होता आणि घाई होती म्हणूनच बहुतेक भाग बाजारात मिळणारेच वापरले होते. त्याला मागच्या बाजूला कार्डांसाठी, म्हणजे बोर्डात खोचायच्या जादा सर्किटांसाठी, पाच फटी होत्या, एकमेकींपासून एक इंचावर. १९८३ च्या मार्चमध्ये आयबीएमचाच पुढचा पीसी, एक्सटी, आला. त्यात आठ कार्डं बसवायची होती, म्हणून अंतर कमी करून ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिलिमीटर केलं गेलं. त्या एका आकड्यावर आपलं सगळं काम उभं आहे. माझ्या कॅबिनेटच्या मागच्या फटींना मी व्हर्नियर लावला तर २०.३ आलं. नव्या, दोन फटींची जागा घेणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीलाही लावला, तिथेही तेच. कार्डं बोर्डाला जोडण्याच्या पद्धती बदलत राहिल्या : मध्ये आयएसए गेलं, पीसीआय आलं, एजीपी येऊन गेलं, आता पीसीआय एक्सप्रेस आहे. पत्र्यातल्या फटींचं अंतर मात्र कुणी हलवलं नाही.

आयबीएमने पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेत सर्किटच्या आकृत्या आणि बायोसचा (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) संपूर्ण कोड छापला होता. बायोसची थेट नक्कल करता येत नव्हती, पण कॉम्पॅकने १९८२ मध्ये तो स्वतंत्रपणे लिहून घेऊन सुसंगत यंत्र जाहीर केलं आणि मग रांगच लागली. पत्र्याच्या डब्याचं कुठलंही अधिकृत मानक तेव्हा नव्हतं. बोर्डाला भोकं कुठे, कीबोर्डचा सॉकेट कुठे, फटी कुठे, हे सगळं मूळ यंत्र मोजून उतरवलेलं होतं. १९८४ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा एटी आला. त्याचा बोर्ड १२ इंच रुंद होता. चिपा लहान होत गेल्या तशी तीच मांडणी आखडून ८.५ इंच रुंद आणि जास्तीत जास्त १३ इंच लांब असा ‘बेबी एटी’ बोर्ड आला आणि पुढची दहा वर्षं जगभरचे असेंबल केलेले संगणक या आकारावर चालले.

आपल्याकडे हा आकार पोचला तो धोरणांच्या वाटेने. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला व्यवसाय गुंडाळला होता. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राचं नवं संगणक धोरण आलं, सुटे भाग आणणं सोपं झालं आणि देशात पीसी जोडून विकणाऱ्यांची संख्या वाढली. त्याच वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारी, यंत्रं दिसू लागली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड, कॅबिनेट, मॉनिटर असे वेगवेगळे डबे घेऊन यायचे आणि गावात आल्यावर जोडायचे, ही पद्धत आमच्या भागातल्या कित्येकांनी पाहिली आहे. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांच्या कार्यालयांत संगणक शिरले ते असे. १९९८ मध्ये वारणा परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा संगणक इथल्या लोकांना नवीन उरलेला नव्हता.

असेंबल करण्याच्या त्या सवयीचा फायदा आज आपल्याला होतो. सुटे भाग कुणाचेही असोत, ते एकमेकांत बसलेच पाहिजेत, म्हणून असेंबल पीसीचं कॅबिनेट सर्वमान्य मापाचंच असायचं. मोठ्या ब्रँडच्या चपट्या डेस्कटॉपांचं तसं नाही. वेस्टर्न डिजिटलने १९८७ च्या सुमारास एलपीएक्स नावाची मांडणी आणली. तीत बोर्डाच्या मधोमध एक उभं कार्ड आणि त्या उभ्या कार्डाला आडव्या फटी. डबा बसका होतो, दिसतो देखणा. पण त्यात आजचा बोर्ड घालायचा तर मागची संपूर्ण भिंत नव्याने करावी लागते. म्हणून जुनं कॅबिनेट घेताना समोरून न्याहाळण्याआधी ते उलटं करून पाठ बघावी. कार्डांच्या फटी बोर्ड बसतो त्या पत्र्याला समांतर आणि संख्येने दोन-तीनच असतील, तर काम मोठं आहे. त्या पत्र्याशी काटकोनात सात-आठ फटी आणि शेजारी कीबोर्डसाठी एकच गोल भोक दिसलं, तर तो बेबी एटीचा डबा. आणि मागे एक लांबट आयताकृती खिडकी असेल, तर कॅबिनेट १९९५ नंतरचं. त्यात आजचा बोर्ड सरळ बसण्याची शक्यता भरपूर.

ती खिडकी इंटेलची. १९९५ च्या जुलैमध्ये इंटेलने एटीएक्सचं मानक प्रसिद्ध केलं आणि डब्याची मापं पहिल्यांदा नीट लिहिलेली मिळाली. बेबी एटीचा बोर्ड एका काटकोनात फिरवल्यासारखी मांडणी झाली : १२ इंच बाय ९.६ इंच. आधी प्रोसेसर लांब कार्डांच्या आड यायचा, तो बाजूला झाला. सीरियल, पॅरलल पोर्ट आधी पट्टीच्या केबलने मागच्या पत्र्याला जोडलेले असायचे. ते बोर्डावरच आले आणि त्यांच्यासाठी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची खिडकी ठरली. हे माप आजही तेच आहे. १९९७ च्या शेवटी आलेला मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस आणि २००१ मध्ये व्हिया कंपनीने आणलेला मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस. दोन्हींनी बहुतेक भोकं आणि खिडकी एटीएक्सचीच ठेवली.

इंटेलने जुनं किती राखलं, हे मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. फटींचं अंतर एक्सटीचं. स्क्रूची काही भोकं बेबी एटीशी जुळणारी. एसएमपीएसची पेटीही त्या काळी चालू असलेल्या छोट्या, १५० बाय ८६ बाय १४० मिलिमीटरच्या पेटीवरूनच घेतलेली. म्हणून नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच एटी टॉवरमध्ये आजचा एसएमपीएस त्याच चार स्क्रूंवर जातो. माझ्या कॅबिनेटमध्ये तो पहिल्याच प्रयत्नात बसला. ऐंशीच्या दशकातलं कॅबिनेट असेल, ज्याच्या उजव्या कुशीवर मोठा लाल खटका आहे, तर त्यातली पेटी मोठी असते आणि नव्यासाठी पत्र्याची जोडपट्टी करून घ्यावी लागते.

अडलं ते बोर्डाच्या रुंदीपाशी. बेबी एटी ८.५ इंच, म्हणजे २१६ मिलिमीटर. मायक्रो एटीएक्स २४४. हे २८ मिलिमीटर टॉवरमध्ये वरच्या अंगाला जातात आणि बोर्ड एसएमपीएसच्या बुडाला टेकतो. म्हणून मिनी आयटीएक्स घेतला. त्याला कार्डाची फट एकच. ती जुन्या कॅबिनेटच्या सगळ्यांत खालच्या फटीसमोर धरली, तर वरची खिडकी जवळजवळ आठ फटींएवढी जागा घेते (१५८.७५ ला २०.३२ ने भागून बघा). उरलेल्या सात फटींच्या मधल्या पट्ट्या काढाव्या लागणार, हे कागदावरच स्पष्ट झालं. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकाकांकडे गेलो. त्यांनी डबा बोटांनी वाजवून पाहिला आणि म्हणाले, “पट्ट्या एकेक कापत बसू नका. सगळा चौकोन काढू, वर नवी प्लेट रिव्हेट करू. चुकली तर प्लेट बदलता येईल, डबा नाही.” सल्ला अगदी योग्य होता. एक मिलिमीटरचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घेतला, कारण बोर्डाबरोबर येणारी पोर्टांची पत्र्याची चौकट साधारण तेवढ्याच जाडीच्या काठावर घट्ट बसते. जाड पत्र्यावर तिचे चिमटे उघडतच नाहीत.

बोर्ड कशावर उभा राहतो, तेही पाहून घ्यावं. एटीच्या डब्यात बहुतेक आधार पांढऱ्या नायलॉनचे असायचे, किल्लीच्या भोकासारख्या खाचांत सरकवलेले, पितळी एखाद-दुसराच. मिनी आयटीएक्सची चारही भोकं त्या खाचांवर येत नाहीत. बोर्ड ठेवून पेन्सिलने खुणा करायच्या, भोक पाडायचं, आटे पाडायचे आणि पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे खुंट) बसवायचे. आधी खिडकी पक्की करावी, मगच ही भोकं पाडावीत. मी उलट केलं आणि दोन मिलिमीटरने चुकलो. एचडीएमआयची पिन आत जाईना. ती दोन भोकं भरून पुन्हा पाडावी लागली.

विजेबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते. एटीच्या काळात समोरचं पॉवरचं बटण हे खरंखुरं मेन स्विच होतं. एसएमपीएसमधून चार तारांची जाड केबल पुढे यायची आणि तिच्यात पूर्ण २३० व्होल्ट असायचे. बोर्डाकडे जाणारे दोन कनेक्टर होते, पी८ आणि पी९. दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये शेजारी शेजारी यायला हव्यात, हे प्रत्येक मेकॅनिकला पाठ असायचं, कारण उलटे लावले तर बोर्ड गेला. संगणकाला स्वतःला बंद करण्याची सोयच नव्हती. म्हणूनच विंडोज ९५ शेवटी ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवून थांबायचं आणि आपण हाताने बटण दाबायचो. एटीएक्सने हे बदललं. वीस पिनांचा एकच कनेक्टर आला (२००३ पासून चोवीस पिनांचा), ३.३ व्होल्टची तार आली आणि यंत्र बंद असतानाही जिवंत राहणारी ५ व्होल्टची एक तार आली. समोरचं बटण आता बोर्डाला फक्त क्षणभराची खूण देतं.

तेव्हा जुनं बटण ठेवायचं असेल, तर आधी मेनच्या चारही तारा समूळ काढाव्यात, एकही लोंबती ठेवू नये. ते बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. तसंच नव्या बोर्डाला जोडलं तर चार सेकंद धरून ठेवल्यासारखं होऊन यंत्र चालू होता होताच बंद पडेल. बटणाच्या आत अडकवणारी एक बारीक तारेची कडी असते. ती काढली की बटण दाबून लगेच वर येतं. माझं बटण मूळचंच आहे आणि दाबताना तोच जड खटका जाणवतो. आणखी एक, अर्थिंगचं : नवा रंग किंवा पावडर कोटिंग करून घेतलंत, तर एसएमपीएसच्या स्क्रूंखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा. डब्याला अर्थिंग मिळतं ते त्याच चार स्क्रूंमधून.

उष्णतेचा हिशेब त्या काळी निराळा होता. ३८६ प्रोसेसरला हीटसिंकही (उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा) लागत नसे. १९९३ च्या पहिल्या पेंटियमची उष्णता पंधरा वॉटच्या आसपास होती आणि अख्ख्या डब्यात हवा ओढणारा पंखा एकच, एसएमपीएसमधला. आजचा साधा प्रोसेसर ६५ वॉटचा. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा त्या एका पंख्यावर विसंबून चालत नाही. समोरच्या प्लास्टिकमागे ८० मिलिमीटरचा पंखा बसवला, खालच्या झडपांतून तो हवा घेतो. जुन्या डब्याचा एक मोठेपणाही इथे दिसतो. एटीच्या काळी पूर्ण लांबीचं कार्ड १३ इंचांहून लांब असायचं, त्यामुळे आजचं ३०० मिलिमीटरचं ग्राफिक्स कार्डही लांबीला कमी पडत नाही, फक्त हार्ड डिस्कचा पिंजरा आड येता कामा नये.

हे सगळं पीसीच्या वंशातल्या डब्यांबद्दल झालं. ॲपलचे २००३ चे पॉवर मॅक जी५ आणि २००६ चे मॅक प्रो यांचं ॲल्युमिनियमचं कवच फार सुंदर आहे, पण त्यातली भोकं ॲपलची स्वतःची. तिथे मागची भिंत कापून एटीएक्सची पाठ जोडतात. बीबीसी मायक्रोसारखे कीबोर्डातच सामावलेले संगणक तर वेगळ्याच जातीचे. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात तेच यंत्र होतं. कुणाकडे त्यातलं चालू स्थितीतलं यंत्र असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे, त्याला कापू नका. रिकामा डबा आणि जिवंत यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिवळेपणा मी काढला नाही. एबीएस प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनची संयुगं घालत. प्रकाशाने आणि काळाने त्याचा रंग चढतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरेपणा येतो, ही युक्ती २००८ पासून जगभर वापरली जाते. पण माझ्या डब्यावर पतसंस्थेचा रंगवलेला नोंदणी क्रमांक आहे आणि तो मला जायला नको होता.

टर्बोच्या बटणाला मात्र पुन्हा काम मिळालं. मूळच्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि त्या वेगावर बेतलेले प्रोग्रॅम वेगवान यंत्रावर बिघडत, म्हणून यंत्र मुद्दाम हळू करायला ते बटण असे. दोन आकडी डिस्प्ले वेग मोजत नसे. मागच्या जंपरांनी (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांनी) जे आकडे लावून ठेवू तेच तो दाखवायचा. आता टर्बो दाबलं की पुढचा पंखा ७ व्होल्टवरून १२ व्होल्टवर जातो. तोच खटका डिस्प्लेवरचा आकडाही बदलतो : हळू असताना ०७, जोरात असताना १२.