स्वीट पी

शिंबावंत कुलातील ही एक वर्षायू, सुगंधी वेल असून तिचे शास्त्रीय नाव लॅथिरस ओडोरॅटस आहे. इंग्लंडमधील घरबागेत जूनच्या सुमारास, तिथला उन्हाळा नुकता लागत असताना, गुलाब, हनीसकल (एक सुवासिक वेल) व पिंक्स (कार्नेशनच्या जवळची फुले) यांच्या जोडीने ती बहरते. हनीसकलचा वास सायंकाळी दाटतो, पिंक्सना लवंगेची झाक असते. स्वीट पीचा गंध या दोहोंपेक्षा हलका आहे. त्याची तुलना सहसा संत्र्याचा मोहोर व मध यांच्याशी केली जाते.

खोडाच्या दोन्ही कडांना पंखासारखी पट्टी असते. पानाला दोन दले असून टोकाशी फाटे फुटलेले प्रतान (आधाराला गुंडाळणारा तंतू) असते. त्याच्या आधाराने वेल दीड ते दोन मीटर चढते. पानाच्या बगलेतून निघालेल्या लांब दांड्यावर साधारण २ ते ४ पतंगरूप फुले येतात. मागे उभी रुंद ध्वज पाकळी, तिच्यापुढे दोन पंख आणि त्यांच्या आत होडीच्या आकाराच्या जुळलेल्या दोन पाकळ्या, अशी त्यांची रचना असते. पुंकेसर दहा असून त्यांपैकी नऊ जुळलेले व एक सुटे असते. शेंग लवदार असते.

मूलस्थान : या वेलीचे मूलस्थान हा जुना वाद आहे. तिचा पहिला खात्रीचा उल्लेख सिसिलीतील फ्रान्सिस्कन साधू व वनस्पतिज्ञ फ्रान्चेस्को कुपानी यांच्या लेखनात सापडतो. पालेर्मोजवळील मिसिल्मेरी येथे कातोलिकाच्या राजपुत्राची बाग होती. तिच्यातील वनस्पतींची कुपानी यांनी केलेली यादी १६९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत मोठ्या, मनोहर, सुगंधी फुलांचा लॅथिरस नोंदलेला आहे. कुपानी यांनी बी परदेशी धाडले. ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानातील कास्पार कॉमेलिन यांनी १७०१ मध्ये या वेलीचे चित्र छापले. इंग्लंडमध्ये ती लंडनच्या उत्तरेकडील एन्फील्ड येथील शिक्षक व हौशी बागकार डॉ. रॉबर्ट उव्हडेल यांच्याकडे पोचली. त्यासाठी १६९९ हे साल परंपरेने दिले जाते. इंग्रज वनस्पतिज्ञ लेनर्ड प्लुकनेट यांनी १७०० मध्ये उव्हडेल यांच्या बागेतील रोपाची नोंद केली असल्याने ते साल फारसे चुकीचे नसावे.

घोटाळा पुढे झाला. डच वनस्पतिज्ञ योहानेस बुर्मान यांनी १७३७ मध्ये सिलोनच्या (श्रीलंकेच्या) वनस्पतींवरील ग्रंथात या वेलीला स्थान दिले. स्वीडिश वनस्पतिज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला आजचे नाव देताना दोन प्रकार मानले : सिसिलीचा आणि सिलोनचा. जांभळे फूल सिसिलीचे आणि ‘पेंटेड लेडी’ म्हणून ओळखले जाणारे गुलाबी-पांढरे फूल सिलोनचे, अशी वाटणी त्यातून रूढ झाली व एकोणिसाव्या शतकातील बागकामाच्या पुस्तकांतून ती बराच काळ टिकली. पेरूमधील मातुकाना या गावाचे नाव एका अतिसुगंधी वाणाला मिळाल्याने दक्षिण अमेरिकेचाही दावा पुढे आला. या प्रजातीच्या काही जाती त्या खंडात खरोखरच आढळतात. मात्र हीच जाती तिथली असल्याचा आधार दुबळा आहे. स्पॅनिश लोकांबरोबर बी तिकडे गेले असणे अधिक संभवते.

सिलोनचा पक्ष आता मागे पडला आहे आणि ते योग्यच दिसते. श्रीलंकेत ही वेल रानटी अवस्थेत आढळत नाही; सिसिली व दक्षिण इटलीत आढळते. ‘पेंटेड लेडी’ हा जांभळ्या फुलापासून बागेतच उत्परिवर्तनाने (जनुकात आपोआप झालेल्या बदलाने) निर्माण झालेला रंग मानला, तर दुसऱ्या मायदेशाची गरजच उरत नाही. डच बागांत पूर्वेकडून आलेली बियाणे व भूमध्य सागरी बियाणे शेजारी शेजारी वाढत असल्याने नोंदीत गफलत झाली असावी. आज ‘कुपानी’ या नावाने विकले जाणारे द्विरंगी वाण मूळ वेलीशी किती जुळते, याविषयी मतभेद आहेत. गंधाच्या बाबतीत ते मूळ वेलीला जवळचे मानायला हरकत नाही.

सुधारणा : पहिली सुमारे दीडशे वर्षे फूल लहानच राहिले व रंगही मोजकेच होते. मूळचे स्कॉटिश असलेले माळी हेन्री एकफर्ड (१८२३–१९०५) यांनी साधारण १८७० पासून संकराचे काम हाती घेतले आणि १८८८ मध्ये श्रॉपशरमधील वेम येथे स्वतःची रोपवाटिका थाटली. त्यांची मोठ्या फुलांची वाणे ‘ग्रँडिफ्लोरा’ म्हणून ओळखली जातात. आकार वाढवूनही त्यांनी गंध जाऊ दिला नाही, हे त्यांचे खरे श्रेय. १९०० मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये या वेलीच्या इंग्लंडमधील आगमनाचे द्विशताब्दी प्रदर्शन भरले, तेव्हा ज्ञात वाणांपैकी जवळजवळ निम्मी त्यांची होती असे सांगतात. नॅशनल स्वीट पी सोसायटीही त्याच वर्षी स्थापन झाली.

पुढच्याच वर्षी नॉर्थॅम्प्टनशरमधील ऑल्थॉर्प येथे अर्ल स्पेन्सर यांचे माळी असलेले सायलस कोल यांनी लहरदार पाकळ्यांचे ‘काउंटेस स्पेन्सर’ हे गुलाबी फूल मांडले. ते आपण संकरातून मिळवले असा कोल यांचा दावा होता. मात्र एकफर्ड यांच्याच ‘प्रिमा डोना’ वाणात तसाच बदल सुमारे त्याच काळात केंब्रिजजवळील हिस्टन येथे विल्यम अन्विन यांनाही आढळला. त्यामुळे हे उत्परिवर्तन असावे, हे मत अधिक पटते. स्पेन्सर गटाने प्रदर्शने जिंकली; १९११ मध्ये डेली मेल या दैनिकाने उत्तम गुच्छासाठी ठेवलेले १,००० पौंडांचे पहिले बक्षीस स्कॉटलंडच्या सीमाभागातील स्प्राउस्टन गावच्या पाद्र्यांच्या पत्नी श्रीमती फ्रेझर यांना मिळाले. या शर्यतीत फुले मोठी झाली, दांडे लांबले आणि अनेक वाणांत वास मात्र विरळ झाला. केवळ वासासाठी लावायची असल्यास आजही ‘मातुकाना’, ‘पेंटेड लेडी’ यांसारखी जुनी वाणेच निवडावीत.

शुद्ध पिवळा रंग या जातीत नाही. तुर्कस्तानात १९८० च्या दशकात सापडलेल्या लॅथिरस बेलिनेन्सिस या जातीशी न्यूझीलंडमध्ये संकर करून तो आणण्याचे प्रयत्न झाले; त्यातून काही वेगळ्या रंगसंगती हाती लागल्या. बहुवर्षायू ‘एव्हरलास्टिंग पी’ दिसायला जवळची असली तरी तिला वास नाही.

आनुवंशिकी : फूल उमलण्यापूर्वीच परागण होत असल्याने शेजारी लावलेली वाणे सहसा भेसळत नाहीत, डार्विन यांनी ही गोष्ट नोंदवली आहे. केंब्रिजमध्ये आनुवंशिकीविज्ञ विल्यम बेटसन व रेजिनाल्ड पनेट यांना दोन पांढऱ्या वाणांच्या संकरातून जांभळी संतती मिळाली. तिच्या पुढच्या पिढीत रंगीत व पांढऱ्या फुलांचे प्रमाण ९ : ७ असे आले, म्हणजेच रंगासाठी दोन जनुके एकत्र असावी लागतात. बेटसन, एडिथ साँडर्स व पनेट यांना १९०५ च्या सुमारास असेही दिसले, की फुलाचा रंग आणि परागकणांचा आकार ही लक्षणे मेंडेल यांच्या नियमाप्रमाणे स्वतंत्रपणे वाटली न जाता बहुतांशी एकत्रच उतरतात. जनुकांच्या सहलग्नतेचे हे पहिले उदाहरण. त्याचा योग्य अर्थ पुढे अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी लावला.

गंध : तो मुख्यतः पाकळ्यांतून सुटतो. ओसिमीन, लिनॅलूल, नेरॉल व जेरॅनिऑल ही त्यातील प्रमुख बाष्पनशील द्रव्ये होत. या नावाची अत्तरे प्रयोगशाळेत जुळवलेली असतात.

लागवड : इंग्लंडमध्ये बी ऑक्टोबरात थंड चौकटीत (काचेच्या झाकणाच्या पेटीत) किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरून रोपे वसंतात बाहेर लावतात. मुळे खोल जात असल्याने चर खणून कुजलेले शेणखत घालतात व बांबूच्या किंवा हेझलच्या काठ्यांचा आधार देतात. प्रदर्शनासाठी प्रताने व बगलफुटवे काढून एकच खोड वाढवतात. फुले रोज खुडावी लागतात. शेंगा धरल्या की बहर थांबतो. रोज खुडण्यामुळेच घरात फुलदाणी कधी रिकामी राहत नाही. महाराष्ट्रात पुणे, महाबळेश्वर अशा ठिकाणी ही हिवाळी फुलझाड म्हणून लावतात.

वाटाण्यासारखे दिसले तरी बी खाऊ नये. विदर्भात परिचित असलेली लाख किंवा लाखोळी हिच्याच प्रजातीतील आहे. लाखेतील विषद्रव्य मज्जासंस्थेवर, तर स्वीट पीमधील बीटा-ॲमिनोप्रोपिओनायट्राइल हे हाडे व संयोजी ऊतकांवर परिणाम करते.