देवमाशाचं बीपी कोण घेणार?

बाबांचं बीपी धंतोलीतल्या दवाखान्यात 160 भरतं, घरी पेपर वाचता वाचता मोजलं की 130. दंडाला पट्टा गुंडाळला की माणूस धास्तावतो आणि यंत्र ती धास्तीच मोजतं.

समुद्री सस्तन प्राण्यांचा ताण मोजणाऱ्यांपुढेही हाच पेच आहे. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतात. सील धरून रक्त काढता येतं, पण धरल्यावर काही मिनिटांतच कॉर्टिसॉल चढू लागतं. समुद्रात मोकळ्या फिरणाऱ्या देवमाशाचं तर (नावात मासा असला तरी हा सस्तनच) रक्त काढायची सोयच नाही.

मग उरते विष्ठा. हसू नका. हार्मोनचे अवशेष तिच्यातून बाहेर पडतात आणि त्यासाठी प्राण्याला बोटही लावावं लागत नाही. राइट व्हेल या जातीच्या देवमाशाची तांबूस विष्ठा काही वेळ पाण्यावर तरंगते, वास विचारूच नका. संशोधक रोझलिंड रोलंड यांच्या चमूने कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात ती हुडकायला चक्क कुत्री नेली. फार्गो नावाचा रॉटवायलर बोटीवरून मैलभर लांबचा वास पकडायचा.

2001च्या सप्टेंबरात हे काम चालू असतानाच न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि जहाजांची ये-जा एकदम रोडावली. पाण्याखालचा गोंगाट 6 डेसिबलने उतरला, आणि विष्ठेतली ताणाची हार्मोन्सही उतरली. पुढच्या चार वर्षांत त्या दिवसांत अशी घट दिसली नाही. असा प्रयोग कुणी ठरवून करूच शकला नसता.

याहून अचाट म्हणजे कानातला मळ. तो देवमाशाच्या कानात जन्मभर थरावर थर साचतो, झाडाच्या वर्तुळांसारखा. संग्रहालयांत पडून असलेले असे 20 देवमाशांचे बोळे तपासून 2018मध्ये जवळपास दीडशे वर्षांचा ताणाचा आलेख निघाला. शिकार वाढली तसं कॉर्टिसॉल वाढलं आणि 1960च्या दशकात कळसाला पोचलं. दुसऱ्या महायुद्धात शिकार थंडावली होती, तरी कॉर्टिसॉल चढलेलंच. पाणबुड्या, बॉम्ब, जहाजं यांचाच तो परिणाम असावा, असा संशोधकांचा कयास.

नागपूरपासून समुद्र लांब, पण विष्ठेची ही युक्ती जवळच्या जंगलातही चालते. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी कान्हा-बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासली, तर पर्यटनाच्या हंगामात ताण जास्त निघाला.

शनिवारी पहाटे पेंचच्या गेटवर जिप्सींची रांग लागते. तिच्यात बाबाही असतात. तिथे त्यांचं बीपी एकदम झकास.